भारताची संसद: दोन सभागृहांची रचना आणि निवडणूक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लोकसभेच्या निवडणुकीत आपण मतदान केंद्रावर जातो, बोटाला शाई लावून घेतो आणि निकालाच्या दिवशी आपल्या मतदारसंघातली आघाडी-पिछाडी फेरीगणिक पाहतो. म्हणून ती निवडणूक आपली वाटते. राज्यसभेची निवडणूक विधान भवनात होते, तिथे आमदार मतदान करतात, आणि तिचे गणित बहुतेकांना कोड्यासारखे वाटते. पण विधानसभेच्या निवडणुकीत आपण जे मत देतो तेच पुढे राज्यसभेपर्यंत जाते, आणि ही गोष्ट प्रत्येक मतदाराला ठाऊक असायला हवी. खालच्या उत्तरांत राज्यसभेला जास्त जागा दिली आहे, ती याच कारणाने.

संसद म्हणजे लोकसभा आणि राज्यसभा एवढेच का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७९ प्रमाणे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा हे तिघे मिळून संसद बनते. राष्ट्रपती कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात, पण अधिवेशन बोलावणे, लोकसभा विसर्जित करणे आणि विधेयकाला संमती देणे ही कामे त्यांच्या नावाने होतात. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक त्यांच्या संमतीनंतरच कायदा होते. दोन्ही सभागृहांची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी झाली. ‘लोकसभा’ आणि ‘राज्यसभा’ ही नावे मात्र १९५४ मध्ये स्वीकारली गेली.

दोन सभागृहांची गरज काय? एकाने भागले नसते का?

हा प्रश्न संविधान सभेतही विचारला गेला होता, आणि दुसरे सभागृह अनावश्यक आहे असे तिथल्या काही सदस्यांचे स्पष्ट मत होते. त्यावर दिले गेलेले उत्तर आजही लागू पडते. लोकसभेत देशातला माणूस मोजला जातो, तर राज्यसभेत तोच माणूस आपल्या राज्याचा रहिवासी म्हणून मोजला जातो. केवळ लोकसंख्येवर उभ्या असलेल्या सभागृहात मोठ्या राज्यांचा आवाज सहज चढतो, आणि एका निवडणुकीतल्या लाटेचा परिणाम पाच वर्षे टिकतो. दुसरे सभागृह टप्प्याटप्प्याने निवडले जात असल्याने त्या लाटेला थोडा वेळ थांबावे लागते. कायदा आणखी एकदा, वेगळ्या पद्धतीने निवडून आलेल्या माणसांच्या नजरेखालून जावा, एवढीच अपेक्षा त्यामागे आहे, आणि माझ्या मते ती अपेक्षा योग्य आहे.

तरीही राज्यांना समान जागा दिलेल्या नाहीत, हे लक्षात ठेवावे लागते. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. आपल्याकडे राज्यसभेच्या जागाही बऱ्याच अंशी लोकसंख्येवर ठरल्या. उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९, तर गोवा आणि सिक्कीम यांना प्रत्येकी एक जागा आहे. कोणत्या राज्याला किती जागा, हे घटनेच्या चौथ्या अनुसूचीत लिहिलेले आहे.

लोकसभेत ५४३ जागाच का? लोकसंख्या वाढली तरी जागा का वाढल्या नाहीत?

घटनेनुसार लोकसभेची कमाल मर्यादा ५५० आहे: राज्यांमधून ५३० आणि केंद्रशासित प्रदेशांमधून २०. सध्याच्या ५४३ जागांपैकी ५२४ राज्यांच्या आणि १९ केंद्रशासित प्रदेशांच्या आहेत. पूर्वी अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन सदस्यांची नियुक्ती राष्ट्रपती करीत. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये ती तरतूद संपली.

जागा न वाढण्याचे कारण १९७६ मध्ये आहे. दर जनगणनेनंतर राज्यांच्या जागा नव्याने ठरवायच्या, असे मूळ घटनेत होते. पण कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांची लोकसंख्या हळू वाढणार आणि त्यामुळे त्यांच्याच जागा घटणार, हे उघडपणे अन्यायाचे झाले असते. म्हणून ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवले, आणि २००१ मधील ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे ५५ कोटी होती, २०११ मध्ये ती १२१ कोटी झाली. याचा अर्थ, ज्या मापाने आपण जागा वाटल्या त्यात एका खासदारामागे साधारण दहा लाख लोक होते. २०११ च्या आकड्यांवर तेच प्रमाण बावीस लाखांच्या पुढे जाते. एका खासदाराने एवढ्या माणसांना कसे भेटावे, हा प्रश्न त्यामुळे खरा आहे. पण जागांचे फेरवाटप केल्यास दक्षिणेकडच्या राज्यांचा वाटा कमी होईल ही भीतीही तितकीच खरी आहे. या दोन्हींपैकी एकाच बाजूकडे पाहून दिलेले उत्तर अपुरे ठरते.

राज्यांच्या वाट्याच्या जागा गोठवल्या असल्या तरी राज्याच्या आतल्या सीमा मात्र बदलल्या. २००१ च्या जनगणनेवरून झालेली मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली. इचलकरंजी, कराड, पंढरपूर हे लोकसभा मतदारसंघ तेव्हा नकाशावरून गेले आणि हातकणंगले, माढा, मावळ ही नावे आली. महाराष्ट्राच्या ४८ जागा तेवढ्याच राहिल्या, आणि विधानसभेचे २८८ मतदारसंघ असल्याने लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात.

राखीव मतदारसंघात मतदान कोण करते?

सगळेच. ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. तिथे उमेदवार त्या प्रवर्गातला असावा लागतो, मतदार मात्र सर्व समाजांचे असतात. महाराष्ट्रात अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर व सोलापूर हे पाच मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी, तर नंदुरबार, दिंडोरी, पालघर व गडचिरोली-चिमूर हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

लोकसभेत निवडून येण्यासाठी निम्म्याहून जास्त मते लागतात का?

लागत नाहीत. ज्याला इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा जास्त मते मिळाली तो विजयी, मग ती एकूण मतांच्या तीस टक्के का असेनात. ही पद्धत समजायला आणि मोजायला सोपी आहे, आणि मतदाराला आपला खासदार कोण हे नेमके सांगता येते. तिची उणीव अशी की मतांचे प्रमाण आणि जागांचे प्रमाण यांत मोठे अंतर पडू शकते: २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाला देशभरात सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा, म्हणजे स्वतःचे स्पष्ट बहुमत मिळाले. कोणताही पक्ष जिंकला तरी हा गुणधर्म पद्धतीचाच आहे, आणि काँग्रेसलाही पूर्वी तिचा असाच लाभ झालेला आहे.

मतदाराचे आणि उमेदवाराचे किमान वय किती असावे लागते?

मतदानासाठी १८ वर्षे. ६१ व्या घटनादुरुस्तीपूर्वी, म्हणजे १९८९ पर्यंत, ते २१ होते. लोकसभेच्या उमेदवाराला २५ आणि राज्यसभेच्या उमेदवाराला ३० वर्षे पूर्ण असावी लागतात. लोकसभेसाठी अनामत रक्कम २५,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी त्याच्या निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते न मिळालेल्या पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. एका वेळी जास्तीत जास्त दोन मतदारसंघांतून उभे राहता येते. दोन्हीकडे जिंकल्यास एक जागा सोडावी लागते.

महिलांसाठीचे आरक्षण दोन्ही सभागृहांना आहे का?

२०२३ मधील १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्लीची विधानसभा यांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद केली. दुरुस्तीच्या शब्दांप्रमाणे हे आरक्षण त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर लागू व्हायचे आहे. राज्यसभेचा त्यात समावेश नाही. २०२४ च्या निवडणुकीत लोकसभेवर ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे साधारण सातांत एक. इतकी दशके वाट पाहिलेल्या या तरतुदीला पुढेही वाट पाहायला लावणारी अट घालावी लागली, याची खंत वाटते.

राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, मग तिची निवडणूक केव्हा होते?

राज्यसभेच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. १९५२ मध्ये सगळेच एकदम निवडून आल्याने कोणाला दोन, कोणाला चार आणि कोणाला सहा वर्षे द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागले. तेव्हा सुरू झालेले हे चक्र आजही फिरते आहे. महाराष्ट्राच्या १९ जागांचे सहा, सहा आणि सात असे तीन गट आहेत.

राज्यसभेची कमाल संख्या २५० आहे. प्रत्यक्षात २३३ निवडून येणारे आणि १२ राष्ट्रपतिनियुक्त, असे २४५ सदस्य असतात. केंद्रशासित प्रदेशांपैकी दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर यांनाच राज्यसभेत जागा आहेत, कारण निवडणूक करणारी विधानसभा तिथेच आहे. विधानसभा नसली की काय होते हे जम्मू-काश्मीरने दाखवून दिले: तिथल्या चारही जागा फेब्रुवारी २०२१ पासून कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या.

राज्यसभेच्या निवडणुकीत विधान परिषदेचे आमदार मत देतात का?

देत नाहीत, आणि महाराष्ट्रात हा गोंधळ नेहमी होतो. मताचा अधिकार केवळ विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांना आहे. विधान परिषदेचे ७८ सदस्य आमदार म्हणवले जात असले तरी ते या निवडणुकीत मतदार नसतात.

राज्यसभेचा ‘कोटा’ कसा काढतात? दुसऱ्या पसंतीच्या मताने निकाल कसा फिरतो?

इथे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, एकल संक्रमणीय मताची पद्धत वापरतात. जागा सहा असल्या तरी आमदाराचे मत एकच असते. तो मतपत्रिकेवर उमेदवारांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो, आणि ते मत ज्याला नको आहे त्याच्याकडून ज्याला हवे आहे त्याच्याकडे सरकू शकते.

एकापेक्षा जास्त जागा असतील तर प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला ‘जागा अधिक एक’ या संख्येने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि त्यात एक मिळवायचा. समजा, सहा जागा आहेत आणि २८४ मते वैध ठरली. २८,४०० ला ७ ने भागल्यावर ४,०५७ येतात, त्यात एक मिळवला की कोटा झाला ४,०५८. म्हणजे पहिल्या पसंतीची ४१ मते (मूल्य ४,१००) मिळालेला उमेदवार निवडून आला. ४० मते असलेला थोडक्यात मागे राहिला.

आता एका उमेदवाराला ४८ मते पडली असे धरू. त्याचे मूल्य ४,८००, गरज ४,०५८ ची, म्हणून ७४२ शिल्लक. ही शिल्लक त्याच्या ४८ मतपत्रिकांत वाटली की प्रत्येकीला १५ मूल्य येते (अपूर्णांक पुन्हा सोडून), आणि त्या मूल्यासह मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते. त्याच पक्षाच्या आणखी एका उमेदवाराला ४८ मते असतील, आणि या सर्व ९६ आमदारांनी दुसरी पसंती तिसऱ्या उमेदवाराला दिली असेल, तर त्याच्या पदरात १,४४० मूल्य पडते. त्याची स्वतःची २७ मते म्हणजे २,७००. बेरीज ४,१४०, आणि कोटा पार. दुसरीकडे ३३ मते मिळवलेला उमेदवार ३,३०० वर अडकून पडतो, कारण त्याच्या बाजूला शिल्लक उरलेलीच नसते. शिल्लक वाटूनही जागा भरल्या नाहीत, तर सर्वांत कमी मूल्याच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे नेतात.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार होते, आणि पहिल्या पसंतीची मते कमी असलेला उमेदवार दुसऱ्या पसंतीच्या जोरावर सहावी जागा जिंकला. त्या रात्री हरकतींमुळे मतमोजणी लांबली आणि एका आमदाराचे मत बादही ठरले. जागांइतकेच उमेदवार उरले तर मात्र मतदानाची वेळच येत नाही आणि सारे बिनविरोध निवडून येतात, जसे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातले सहा सदस्य आले.

आमदार आपले मत पक्षाला दाखवतात हे खरे आहे का? मग गुप्त मतदानाचे काय?

खरे आहे. २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल करून राज्यसभेच्या निवडणुकीत खुले मतदान आणले गेले. पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. ती दुसऱ्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवली तर मत बाद होते. अपक्ष आमदाराने ती कोणालाच दाखवायची नसते. मते विकत घेतली जाण्याला आळा घालणे हा या बदलाचा हेतू होता.

इथे एक बारकावा आहे. आमदाराने पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत दिले तरी तेवढ्या कारणावरून पक्षांतरबंदी कायद्याखाली त्याची आमदारकी जात नाही. पक्ष आपल्या पातळीवर कारवाई करू शकतो. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही या निवडणुकीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो इथे लागू करता येणार नाही असा निर्णय दिला. मतदान यंत्रावर होत नाही, कागदी मतपत्रिकेवर होते, आणि निवडणूक आयोगाने दिलेले जांभळ्या शाईचेच पेन वापरावे लागते. २०१६ मध्ये हरियाणात वेगळ्या पेनामुळे अनेक मते बाद झाल्यानंतर या बाबतीत विशेष काटेकोरपणा आला.

दुसऱ्या राज्यातली व्यक्ती महाराष्ट्रातून राज्यसभेवर जाऊ शकते का?

जाऊ शकते. २००३ पर्यंत उमेदवार त्या राज्यातला मतदार असणे आवश्यक होते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने देशात कुठेही मतदार असणे पुरेसे ठरवले. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या बदलाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये फेटाळले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न संपला आहे. तरीही, ज्या सभागृहाचे नावच राज्यांवरून पडले आहे तिथे राज्याशी असलेला रहिवासाचा धागा तुटू देणे मला पटत नाही.

बारा राष्ट्रपतिनियुक्त सदस्य कोण असतात?

साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांत विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तींची नियुक्ती राष्ट्रपती करतात. धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे, काकासाहेब कालेलकर, नाटककार मामा वरेरकर, लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर ही मराठी वाचकांना परिचित असलेली काही नावे. हे सदस्य सभागृहात इतरांसारखेच मतदान करतात आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीतही त्यांना मत असते; राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र नसते, कारण तिथे केवळ निवडून आलेले सदस्य मतदार असतात.

लोकसभेला पराभूत झालेली व्यक्ती राज्यसभेवर जाते, हे लोकमताविरुद्ध नाही का?

राग समजण्यासारखा आहे, आणि पक्षांनी हा मार्ग काही वेळा सोयीसाठी वापरलेला आहे. पण घटनेत त्याला मनाई नाही, आणि उत्तर देण्यापूर्वी एक उदाहरण आठवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून पराभूत झाले आणि त्यानंतर मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. राज्यसभा नसती तर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतंत्र भारताच्या निवडून आलेल्या संसदेत बसलेच नसते.

दोन्हींपैकी जास्त अधिकार कोणाला आहेत?

सरकार लोकसभेच्या विश्वासावर चालते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, म्हणजे एका मताने पडले ते लोकसभेत. राज्यसभेतल्या पराभवाने सरकार पडत नाही. धन विधेयकही (म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च, कर्ज अशा विषयांवरचे विधेयक) लोकसभेतच मांडले जाते, राज्यसभेला त्यावर शिफारशींसाठी चौदा दिवस मिळतात, आणि त्या शिफारशी स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही याबाबत लोकसभेच्या अध्यक्षांचा निर्णय अंतिम मानला आहे, त्यामुळे त्या प्रमाणपत्राला फार महत्त्व येते.

घटनादुरुस्तीत दोन्ही सभागृहे तुल्यबळ आहेत: प्रत्येकात स्वतंत्रपणे विशेष बहुमत (एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश) हवेच. शिवाय राज्यसूचीतल्या (राज्यांकडे सोपवलेल्या विषयांच्या यादीतल्या) विषयावर संसदेने कायदा करावा, किंवा नवी अखिल भारतीय सेवा निर्माण व्हावी, यासाठी दोन तृतीयांश बहुमताचा ठराव करण्याचा अधिकार फक्त राज्यसभेला आहे. पंतप्रधान कोणत्याही सभागृहाचा सदस्य असू शकतो, डॉ. मनमोहन सिंग दहाही वर्षे राज्यसभेचे सदस्य होते.

दोघांत एकमत झाले नाही तर?

सर्वसाधारण विधेयकावर कोंडी झाल्यास राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिचे अध्यक्षस्थान लोकसभेच्या अध्यक्षांकडे असते. आजवर अशा बैठकीत तीनच विधेयके मंजूर झाली: १९६१ मध्ये हुंडा प्रतिबंध, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करणारे आणि २००२ मध्ये दहशतवाद प्रतिबंध. धन विधेयक आणि घटनादुरुस्ती यांसाठी हा मार्ग बंद आहे.

अध्यक्ष आणि सभापती यांत फरक काय?

लोकसभेचे ‘अध्यक्ष’ सदस्य आपल्यातून निवडतात; गणेश वासुदेव मावळंकर हे पहिले. राज्यसभेचे ‘सभापती’ हे पद उपराष्ट्रपतींकडे पदसिद्ध असते, म्हणून ते सभागृहाचे सदस्य नसतात. दोघेही फक्त समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतात.

लोकसभा विसर्जित झाली की प्रलंबित विधेयकांचे काय होते?

लोकसभेत प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात, मग ती राज्यसभेने मंजूर केलेली का असेनात. महिला आरक्षणाचे आधीचे विधेयक राज्यसभेने मार्च २०१० मध्ये मंजूर केले होते. लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच संपले. राज्यसभेत मांडलेले आणि तिथेच प्रलंबित असलेले विधेयक मात्र टिकून राहते.

खासदाराची जागा मध्येच रिकामी झाली तर?

लोकसभेची जागा सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणुकीने भरावी लागते. मुदत एका वर्षाहून कमी उरली असेल तर हे बंधन राहत नाही. राज्यसभेची जागा त्या राज्यातले आमदार भरतात, आणि नव्या सदस्याला सहा वर्षे मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते.